जाहिरातीतले बंदर : महारेराच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा),
मुंबई

सन्माननीय अध्यक्ष महोदय,

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोरला डावीकडे वळून वाघोबा घाट उतरला की पालघर येते. त्या वळणापासूनच रस्त्याच्या दोन्ही अंगांना फलक सुरू होतात. चिल्हार फाट्यावरून बोईसरला जाणाऱ्या रस्त्यावर तेच, पालघर स्टेशनहून माहीम-केळव्याकडे येणाऱ्या रस्त्यावरही तेच. फलक घरांचे आणि प्लॉटचे असतात, पण त्यांवर घर लहान आणि बाकी सगळे मोठे दिसते. रांगेने उभ्या क्रेन, कंटेनरने भरलेले जहाज, निमुळत्या नाकाची गाडी, वर एखादे विमान. वाढवण बंदर अमुक मिनिटांवर, बुलेट ट्रेनचे स्टेशन तमुक मिनिटांवर, चौथ्या मुंबईत आजच्या भावात जागा, अशा धाटणीचा मजकूर. आणि खालच्या कोपऱ्यात, गाडी थांबवून खाली उतरल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, आपल्या प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक. काही फलकांवर तर तोही नसतो.

नोंदणी क्रमांक, संकेतस्थळ आणि क्यूआर कोड जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात, संपर्काच्या क्रमांकाइतक्या तरी मोठ्या आणि उठून दिसणाऱ्या अक्षरांत छापावेत, हा आदेश आपलाच आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा झाला आणि तो नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. ही पावले चांगली होती आणि ग्राहकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. हे पत्र मात्र त्या कोपऱ्यातल्या क्रमांकापेक्षा फलकाच्या उरलेल्या जागेबद्दल आहे. तिथे जे रंगवले जाते त्यावर माणसे आयुष्यभराची पुंजी लावतात, आणि त्याचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही.

आधी बंदराचे पाहू. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या सिडको मैदानावर पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. ७६ हजार कोटींच्या पुढचा खर्च, समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळाची ७४ : २६ अशी भागीदारी. ही सगळी माहिती जाहीर आहे. पहिला टप्पा या दशकाच्या शेवटी सुरू व्हावा असे सरकारी उद्दिष्ट आहे. फलकावर मात्र जहाज आजच धक्क्याला लागलेले असते.

बुलेट ट्रेनचा अनुभव तर आता हाताशी आहे. तिचे भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादला झाले, तेव्हा ती २०२२-२३ पर्यंत धावेल असे सांगितले जात होते. ५०८ किलोमीटरच्या या मार्गावरच्या १२ स्थानकांत बोईसरचे नाव आले आणि बोईसरच्या घरांच्या पत्रकांवर ती गाडी दिसू लागली. आज पहिला टप्पा २०२७ मध्ये, तोही सुरतच्या बाजूला, सुरू होईल असे रेल्वे खाते सांगते. २०१७ साली या गाडीच्या भरवशावर बोईसरमध्ये घर घेतलेल्या जोडप्याचे त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर पाचवीत असेल. घराचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून चालू आहे.

मुद्दा इथेच आहे. बिल्डरने स्वतःहून पोहण्याचा तलाव कबूल केला आणि दिला नाही, तर कायद्यात उपाय आहे. रेरा कायद्याचे कलम १२ खोट्या जाहिरातीला भुललेल्या ग्राहकाला भरपाई देते, आणि प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क देते. सुविधांचा तपशील आणि त्या कधी मिळणार याची तारीख विक्री करारातच लिहिली पाहिजे, हेही आपण बंधनकारक केले. पण बंदर बिल्डर बांधत नाही. विमानतळ तो देणार नाही. लोकलच्या फेऱ्या त्याच्या हातात नाहीत. ज्या गोष्टीचा खर्च तो करत नाही, जिची जबाबदारी घेत नाही आणि जिची तारीख त्याला स्वतःलाच ठाऊक नाही, तिचा भाव मात्र तो आज चौरस फुटामागे घेतो. ते काम लांबले तर ग्राहकाने जायचे कुणाकडे? सरकार म्हणणार, आम्ही घर विकले नाही. बिल्डर म्हणणार, आम्ही बंदर विकले नाही.

या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वीचा एक दाखला उपयोगी आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडात जमिनीच्या जाहिरातींचा असाच पूर आला होता. दलदलीतल्या जागा चित्रे दाखवून टपालाने विकल्या गेल्या. थोडी रक्कम भरून पावती घ्यायची आणि ती पावतीच पुढच्याला चढ्या भावाने विकायची, हा तिथला धंदा झाला. पॉन्झी योजनांना ज्याचे नाव पडले तो चार्ल्स पॉन्झीही त्यात होता. जॅक्सनव्हिलच्या 'जवळ' म्हणून त्याने विकलेले प्लॉट प्रत्यक्षात त्या शहरापासून शंभर किलोमीटरवर होते. १९२६ च्या सप्टेंबरातल्या चक्रीवादळाने त्या बाजाराचा उरलासुरला कणा मोडला. पुढे अमेरिकेत दूरवरच्या जमिनींच्या विक्रीत अशा फसवणुकी होतच राहिल्या, तेव्हा १९६८ मध्ये एक कायदा आला. त्यानुसार विकणाऱ्याने ग्राहकाची सही घेण्याआधी जागेचा एक अहवाल त्याच्या हातात देणे बंधनकारक झाले. पाणी कुठून येणार, रस्ता कोण करणार, जागेवर बोजा कसला आहे, हे त्यात लिहायचे. फायद्याच्या गोष्टी सांगणे विकणाऱ्याच्या मर्जीवर, पण अडचणीच्या गोष्टी सांगणे त्याचे कर्तव्य, असा तो विचार होता. पालघर जिल्ह्याला आज नेमके हेच हवे आहे.

कारण इथल्या जाहिराती जे सांगत नाहीत त्याची यादी मोठी आहे. बोईसरला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ च्या मूल्यमापनात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिले आले. या वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते आणि त्यावरून मच्छीमार संघटनांनी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत लढा दिला. ११ जानेवारी २०२० रोजी तिथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ माणसे गेली. रात्रीच्या वासाने खिडक्या बंद करून झोपणारी कुटुंबे बोईसरमध्ये कुठल्याही आळीत भेटतील. 'निसर्गाच्या कुशीत' असे शब्द असलेले पत्रक त्याच आळीत वाटले जाते.

तारापूरचे अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून चालू आहे, देशातले पहिले. या केंद्राभोवती १.६ किलोमीटरपर्यंत कुणी राहायचे नाही, पाच किलोमीटरपर्यंत वस्तीची वाढ रोखायची आणि १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीचे नियोजन तयार ठेवायचे, हा प्रघात आहे. बोईसर त्या १६ किलोमीटरांत येते. केंद्र धोकादायक आहे असे म्हणण्याचा इथे हेतू नाही. पन्नासहून अधिक वर्षे त्याच्या शेजारी गावे नांदत आहेत. पण तिथे घर घेणाऱ्याला सराव कधी होतात, आणीबाणीत कुठे जायचे, एवढे तरी आधी कळावे की नको? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसत आले, लोकांनी घराबाहेर तंबूत रात्री काढल्या. त्या तालुक्यांत सेकंड होम विकणाऱ्याने इमारत त्या दृष्टीने कशी बांधली आहे हे सांगायला काय हरकत आहे? आणि डहाणू तालुक्यात तर २० जून १९९१ ची केंद्राची अधिसूचना आहे. तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून तिथल्या उद्योगांवर आणि जमिनीच्या वापरातल्या बदलांवर बंधने घातली गेली, ती आजही आहेत. बंदराजवळचा प्लॉट म्हणून त्या तालुक्यातली जमीन पाहायला आलेल्या डोंबिवलीच्या किंवा पुण्याच्या माणसाला ही अधिसूचना कोणता एजंट दाखवतो?

पाण्याचे काय? सूर्या प्रकल्पाची धामणी आणि कवडास ही धरणे याच जिल्ह्यातली. आदिवासींच्या आणि इतर शेतकऱ्यांच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून ती बांधली. आता रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना त्यांच्यावर आहे : २१८ मीरा-भाईंदरला, १८५ वसई-विरारला. पालघर शहर आणि २६ गावांची नळयोजनाही त्याच सूर्येवर जगते. जिल्ह्याचे पाणी शहरांना जाते आणि जिल्ह्यातच नव्या इमारतींसमोर टँकर उभे राहतात. सोसायटीच्या मासिक खर्चात टँकरचा वाटा किती, ही रक्कम पहिल्या वर्षी प्रत्येक घरमालकाला कळते, बुकिंगच्या वेळी एकालाही सांगितली जात नाही.

रेल्वेचेही तसेच. १६ एप्रिल २०१३ रोजी विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या सुरू झाल्या, ही या पट्ट्यासाठी मोठी गोष्ट होती. पण विरार ते डहाणू ६४ किलोमीटर आजवर दोनच रुळांवर मालगाडी, मेल आणि लोकल अशा सगळ्यांना धावावे लागत आले. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हापासून तीही पत्रकांवर आहे. सकाळची एक लोकल हुकली की पुढच्या लोकलसाठी किती वेळ थांबावे लागते हे पालघर, उमरोळी, बोईसरच्या फलाटांवर रोज उभ्या असणाऱ्या नोकरदारांना विचारावे. मिनिटांचा हिशेब त्यांच्याकडे खरा मिळेल.

अशी घरे घेते कोण? बोईसरचे नाव स्वस्त घरांसाठी देशभर झाले ते मे २००९ मध्ये. टाटा हाउसिंगने बोईसरजवळ बेटेगावला 'शुभ गृह' जाहीर केले. २८३ ते ४६५ चौरस फुटांची घरे, ३ लाख ९० हजारांपासून ६ लाख ७० हजारांपर्यंत. नॅनो गाडीचे ते दिवस, त्यामुळे वर्तमानपत्रांनी 'नॅनो घर' म्हणून त्याची खूप चर्चा केली. त्या जाहिरातीतली एक गोष्ट आज मुद्दाम आठवावीशी वाटते. किंमत आणि क्षेत्रफळ हीच तिची मुख्य बातमी होती. आपल्या ऐपतीत बसते की नाही हे गिरणगावातून उठलेल्या कुटुंबाला किंवा तारापूरच्या ऑपरेटरला पहिल्याच वाचनात ठरवता येत होते. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत बोईसरच्या जाहिरातींतून किंमत हळूहळू मागे सरकली. आता फोन करा, साईट व्हिजिटला या, मग सांगू. साईटवर गाडीने नेतात, नाश्ता देतात, सजवलेला सँपल फ्लॅट दाखवतात, आणि आजच्या आज टोकन दिले तरच हा भाव, असा तगादा लावतात. घर घेण्याइतका मोठा निर्णय दुपारच्या दोन तासांत उरकायला लावणे हेच मुळी अनैतिक आहे.

आणि त्याहून खाली एक बाजार आहे, तिथे फलकही लागत नाहीत. तारापूरच्या वसाहतीत ठेकेदाराकडे राबणारा कामगार उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला असतो, खान्देश-मराठवाड्यातूनही. त्याला चाळीतली खोली नोटरीच्या कागदावर मिळते. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही, ही सूट लहान बांधकामांसाठी चांगल्या हेतूने ठेवली असेल. पण नोंदणीबाहेरचा हा बाजार कुठवर गेला आहे हे नालासोपाऱ्याने दाखवले. डंपिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, घरे विकली गेली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून त्या पाडल्या गेल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण गेले, ती इमारतही अनधिकृत. ही दोन्ही ठिकाणे याच पालघर जिल्ह्यातली आहेत. अशी घरे स्वस्त म्हणून कानात सांगणारा एजंटच विकतो.

महोदय, डोंबिवलीचा दाखला आपल्याला अधिक बोचेल, पण तो टाळता येत नाही. तिथल्या ६५ इमारतींच्या विकासकांनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून चक्क महारेराची नोंदणी मिळवली. लोकांनी जाहिरातीवरचा क्रमांक पाहिला, बँकांनीही पाहिला, कर्जे झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या. ग्राहकाने काळजी घ्यावी असे आपण नेहमी सांगता, आणि त्या ग्राहकांनी ती घेतलीच होती. फसवणाऱ्याने आपला क्रमांकच जाहिरात म्हणून वापरला. स्थानिक प्राधिकरणाकडून परवानगीची थेट खातरजमा करूनच नोंदणी देण्याची पद्धत त्यानंतर कडक झाली, हे योग्यच. पण त्या घरांत हप्ते भरत बसलेल्यांना उत्तर मिळालेले नाही.

आता माझ्या गावाकडे, माहीमकडे. जुन्या ठाणे जिल्ह्यात आजच्या पालघर तालुक्याचे नावच माहीम होते. रेल्वे पालघरहून गेली आणि कचेऱ्या तिकडे सरकल्या. माहीम मागे राहिले ते वाड्यांमुळे. केळी, नारळ, सुपारी आणि मुख्य म्हणजे पानवेल. नागवेलीची वाडी लावणे म्हणजे जमिनीत पाट काढायचे, आधाराची झाडे लावायची, वारा अडवायला कूड घालायची, वेल वाढेल तशी हाताने बांधत जायची, खाली उतरवून पुन्हा मातीत पुरायची. पान खुडणाऱ्याची बोटे वर्षभर हिरवट काळी असतात. पान खुडले की आकार आणि रंग पाहून ते लगेच वेगळे लावावे लागते, ओले ठेवावे लागते. वेल घालणाऱ्याला पुढची काही वर्षे इथेच राहायचे आहे असे गृहीत धरावे लागते.

जाहिरातींनी नेमके तेच गृहीत हलवले आहे. गुंठ्याचा भाव आता वाडीतल्या चहाच्या वेळचा विषय आहे. वाडी विकायची नसली तरी तिचा भाव घरात येऊन बसतो. म्हाताऱ्या बापाला वेल नव्याने घालायची असते, मुलगा म्हणतो दोन वर्षांत विकायचीच आहे तर कशाला. लग्न होऊन गेलेल्या बहिणींना पंचवीस वर्षांनी फोन जातो, तो हक्कसोडपत्रावर सहीसाठी. काही सही देतात, काही वाटा मागतात, आणि गणपतीला एकत्र येणारी भावंडे तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात समोरासमोर बसतात. कायद्याने बहिणीचा वाटा आहेच, तो तिने मागितला यात गैर काही नाही. दुःख एवढेच की ही वाटणी शेतीसाठी किंवा गरजेसाठी झाली नाही. बाहेरून कुणीतरी रंगवलेल्या भावासाठी झाली, आणि पुष्कळदा तो भाव मिळालाही नाही. टोकन देऊन वर्षानुवर्षे व्यवहार अडकवून ठेवणारे कमी नाहीत.

शेतजमिनीचे तुकडे 'फार्म प्लॉट' म्हणून विकण्याचा प्रकार तर सर्रास चालतो. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावे लागते. तुकडेबंदी कायद्यात २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. शहरी हद्दींबाबत सरकारने नंतर सवलत आणली, शेतीला ती लागू नाही. तरी पाच-पाच गुंठ्यांचे नकाशे व्हॉट्सॲपवर फिरतात, सातबाऱ्यावर दहा-वीस अनोळखी नावे एकत्र चढवू असे सांगितले जाते. बिगरशेतीची परवानगी 'प्रक्रियेत' असते. ही 'प्रक्रिया' पूर्ण झालेली पाहण्याआधी पहिली खरेदी करणारे कित्येक जण ती जागा पुढे विकून मोकळेही झालेले असतात. फ्लोरिडातल्या पावतीचा धंदा तो हाच.

आणि आदिवासींच्या जमिनी. महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ कलमांनुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकारी आणि शासनाच्या परवानगीशिवाय जात नाही. या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे. तरी कुणाच्या तरी नावावर घेऊन ठेवण्याचे, कुळाला बाजूला सारण्याचे प्रकार इथल्या प्रत्येक तालुक्याच्या महसूल दप्तरात वादांच्या रूपाने सापडतील. अशा जमिनींवरच्या प्लॉटच्या कमानींवर आणि भिंतींवर पांढऱ्या रंगात वारली चित्रे काढलेली असतात. तारप्याभोवती फेर धरलेली माणसे, भाताची खळी. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. जी माणसे या जमिनीवर राबली त्यांचे चित्र फाटकावर शोभेला, आणि आत त्यांना काम मिळते ते राखणदाराचे किंवा धुणीभांड्याचे. जाहिरात समाजाचे काय करते याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागू नये.

बंदराच्या चित्रातला समुद्रही असाच रिकामा केलेला असतो. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह ना हरकत दिली. या पंचवीस वर्षांत वरोर, वाढवण, डहाणूपासून सातपाटीपर्यंतच्या मच्छीमारांनी, साचे बनवणाऱ्या डायमेकरांनी, बागायतदारांनी किती मोर्चे काढले, किती वेळा किनारपट्टी बंद ठेवली हे इथे सर्वांना माहीत आहे. बंदर व्हावे की नाही, यावर या किनाऱ्यावरच्या माणसांत मतभेद आहेत आणि रोजगाराची आशा धरणाऱ्या तरुणांची बाजूही खरी आहे. पण विक्रीच्या चित्रात हा वादच नसतो, होड्या नसतात, दालदीची जाळी नसतात. बाहेरचा ग्राहक गृहीत धरतो की तिथे मोकळा किनारा आहे आणि सगळे ठरलेले आहे. पुढे तो इथे राहायला येतो तेव्हा शेजाऱ्याशी त्याचे पहिले बोलणे भांडणाने सुरू होते.

जाहिरातींवर देखरेख अजिबात नाही असे नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने एप्रिल ते सप्टेंबर २०२४ या सहामाहीत तपासलेल्या आक्षेपार्ह जाहिरातींत सर्वांत मोठा वाटा स्थावर मालमत्तेचा निघाला, सुमारे एक तृतीयांश. हजाराहून अधिक जाहिराती परिषदेने थेट आपल्याकडे पाठवल्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड ठेवला, जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतांनाही जबाबदार धरले. आम्रपालीच्या रखडलेल्या घरांवरून लोकांचा राग उसळला तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये महेंद्रसिंह धोनीने त्या कंपनीची सदिच्छा दूतगिरी सोडली होती, तो प्रसंग या तरतुदीच्या मागे आठवतोच. पण ही सगळी तपासणी मुख्यतः वर्तमानपत्रात आणि समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या जाहिरातींची आहे. मनोरच्या वळणावरचा फलक, लोकलच्या डब्यात चिकटवलेला कागद, एजंटच्या व्हॉट्सॲप गटातला नकाशा यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. कायद्याने जाहिरातीची व्याख्या मात्र कुठल्याही माध्यमातली, कुठल्याही स्वरूपातली प्रसिद्धी अशी ठेवली आहे. अधिकार आपल्याकडे आहेत.

म्हणून मागणे असे आहे. जाहिरातीत सरकारी प्रकल्पाचे नाव किंवा चित्र वापरायचे असेल, तर त्याच अक्षरांत तो कोणती संस्था करते, आज कुठल्या टप्प्यावर आहे आणि सरकारने जाहीर केलेली तारीख कोणती, हे लिहायला लावावे. अंतर मिनिटांत लिहिण्यावर बंदी घालून रस्त्याने किती किलोमीटर, तेवढेच छापू द्यावे. प्रत्येक नोंदणीसोबत मराठीत एक पानाचा अहवाल घ्यावा आणि टोकनचा एक रुपयाही घेण्याआधी तो ग्राहकाला देऊन त्याची पोच घ्यावी : पाण्याचा स्रोत आणि त्याचे मंजूर प्रमाण, किनारा नियमन क्षेत्र, डहाणू अधिसूचना, औद्योगिक वसाहतीपासून आणि अणुवीज केंद्रापासूनचे अंतर, जमिनीचा आदिवासी किंवा कुळाशी पूर्वी संबंध होता का. यातली बहुतेक माहिती सरकारच्याच वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडून आहे. बिल्डरला ती गोळा करायला एक आठवडा पुरेल. प्रामाणिक बिल्डरांना यात नुकसान नाही. या जिल्ह्यात असे पुष्कळ आहेत, आणि भडक जाहिरातीपुढे त्यांचीच घरे पडून राहतात.

शेतजमिनींच्या प्लॉटबाबत 'आमच्या कक्षेत येत नाही' हे उत्तर पुरेसे नाही. जमिनीचे प्लॉट पाडून विकणे रेरात येते. नोंदणी न करता त्याची जाहिरात करणाऱ्याला प्रकल्पखर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड करता येतो. जिल्हाधिकारी आणि दुय्यम निबंधकांसोबत पालघरपुरती एक कायम व्यवस्था आपण उभारू शकता. एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा आपण सक्तीची केलीच आहे, आता त्यांच्या फोनवरून जाणाऱ्या मजकुरालाही जाहिरात समजून दोन-चार प्रकरणांत कारवाई करून दाखवावी.

शेवटची विनंती तारखेची आहे. घरांच्या बुकिंगचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि दिवाळी, पाडवा करत अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतो. तक्रारीसाठी पाच हजार रुपये शुल्क भरून, कागद जमवून मुंबईशी पत्रव्यवहार करणे तारापूरच्या कंत्राटी कामगाराला जमत नाही. येत्या दसऱ्याच्या आधी आपल्या अधिकाऱ्यांनी पालघरच्या जिल्हा मुख्यालयात आणि बोईसरला दोन-दोन दिवस बसावे, लोकांनी आणलेली पत्रके, नकाशे, टोकनच्या पावत्या पाहाव्यात, तक्रारी तिथेच नोंदवून घ्याव्यात. मनोरहून येताना गाडी थोडी सावकाश चालवायला सांगावी आणि फलक वाचत यावे. माहीम, केळवे, शिरगाव, सातपाटी, उमरोळी, बेटेगावहून माणसे कागद घेऊन येतील.

आपला विश्वासू,
माहीम (ता. व जि. पालघर) येथील एक रहिवासी